कोऱ्या पानावरची साक्ष

ते पुस्तक आमच्या घरात तंबाखू गुंडाळायला म्हणून आलं.

शाळेच्या पटांगणात एकदा संध्याकाळी अमेरिकेची मोटार आली होती. दोन बांबूंना पांढरं कापड ताणून त्यावर हलती चित्रं दाखवली. पुरुष पडद्यापुढं बसले आणि आम्ही बायका मागच्या अंगाला, म्हणजे पडद्याच्या उलट बाजूला. त्यामुळं त्या देशातली सगळी माणसं आम्हाला डावखुरी दिसली. डाव्या हातानं जेवत होती, डाव्या हातानं कागदावर सह्या करत होती. तिकडची रीतच तशी असेल असं मी किती तरी दिवस धरून चालले होते.

जाताना मोटारीतल्या माणसानं पुस्तकं वाटली. निळ्या पुठ्ठ्याची, पातळ, मराठीत छापलेली. कागद जाड आणि गुळगुळीत होता म्हणून ह्यांनी दोन घेतली. एकाची पानं आठ दिवसांत तंबाखूच्या पुड्यांना गेली. दुसरं मी कोनाड्यातून उचललं आणि तांदळाच्या कणगीमागं ठेवलं. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी चौथी पास आहे. पाचवीला पौडला जावं लागलं असतं, ते झालं नाही. लग्न होऊन या गावात आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत मी वाचलं ते एवढंच: चुरमुऱ्याच्या पुडीचे कागद, खताच्या पोत्यावरची अक्षरं आणि भिंतीवरचं एक जुनं कॅलेंडर. त्यामुळं पुस्तक कसलं आहे हे मी पाहिलंच नाही. सलग छापलेलं होतं, एवढं मला पुरे होतं.

भात पिकायला लागलं की राखणीचं काम माझ्याकडं असायचं. ओढ्याच्या अंगाला आमचं आंबेमोहोराचं खाचर होतं. तिथं बांधावर गवताची खोप असायची. त्या खोपीत बसायचं आणि पोपटांचा थवा उतरला की पत्र्याचा डबा बडवायचा. दुपारची भाकरी बांधून न्यायची आणि गुरं घरी वळली की आपणही निघायचं. मला ते काम आवडायचं. तिथं डोक्यावरचा पदर जरा घसरला तरी चालायचं.

पुस्तक मी त्या खोपीतच वाचलं. एकेका वाक्याला दोन दोन दिवस लागले. पहिल्या भागात त्या देशातल्या माणसांनी आपल्या राजाला लिहिलेला कागद होता. तू आमच्यावर काय काय अन्याय केलेस, त्याची यादीच दिली होती. सगळी माणसं सारखीच जन्माला येतात आणि राज्य करणाऱ्याला अधिकार मिळतो तो ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या संमतीनं, असं त्यात म्हटलेलं होतं. खाली छप्पन जणांच्या सह्या होत्या. राजाच्या हाती लागले असते तर फासावर गेले असते, तरी प्रत्येकानं आपलं पुरतं नाव घातलं होतं. मी बोट ठेवून ती नावं मोजली. सह्या इंग्रजीतच छापलेल्या होत्या म्हणून वाचता आली नाहीत, पण मोजली.

पुढं त्यांची राज्यघटना होती. ती अवघड होती. त्यातलं एक मात्र मला चांगलं समजलं. कायदा करणारे वेगळे, तो चालवणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात द्यायच्या नाहीत, मग तो माणूस कितीही चांगला असो. हे वाचून मला थोडं हसू आलं. कारण आमच्या घरात आणि गावात त्या तिन्ही गोष्टी मामंजींच्या हातात होत्या.

माझे सासरे गावचे पाटील. उंच, वाळकं अंग, आवाज कधी चढवायचे नाहीत. वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच लिहून ठेवलं पाहिजे. धरण झालं तेव्हा गावाचं अर्धं शिवार पाण्याखाली गेलं होतं. त्या वेळी ते पोरसवदा होते. त्यांच्या वडिलांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून मामंजी हट्टानं वाचायला शिकले. पण कागदावर त्यांचा विश्वास कधी बसला नाही. माझं आणि त्यांचं सहा वर्षांत एक अक्षरही बोलणं नव्हतं. ते हातभरावर बसलेले असले तरी मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगायची आणि त्या तेच मामंजींना सांगायच्या. त्यात जाच असा काही नव्हता, सगळ्याच घरी तशी रीत होती.

त्या वर्षी आश्विनातली एक दुपार होती. आमच्या खाचराच्या बांधात उंदरांनी बिळं केली होती. ती उकरायला वाडीवरचा एक कातकरी आला. दर वर्षी तोच यायचा. उंदीर आणि बिळात साठवलेलं भात त्याचं, बांध बुजवून द्यायचं काम त्याचंच. त्याची बायको लाकडाची मोळी घेऊन पौडच्या बाजाराला गेली होती. त्यामुळं त्या दिवशी तो एकटाच होता. बांधावर बसून पहारीनं माती काढता काढता त्याचं लक्ष खोपीकडं गेलं.

"वैनी, पोथी वाचताय व्हय?"

"पोथी न्हाई. राज्य कसं करायचं ते लिवलंय."

"कुनाचं राज्य?"

"लांबच्या मुलखातलं. तितल्या लोकांनी राजाला सांगितलं, तुझं राज्य नगं आमाला."

"आन राजानं ऐकलं?"

"न्हाई. लढाई झाली."

"तर मग," तो म्हणाला, जणू हे त्याला आधीपासूनच माहीत होतं. मग थोडा वेळ बीळ उकरत राहिला. पुन्हा म्हणाला, "वाचा की जरा मोठ्यानं. हातानं काम, कानानं पोथी."

मी कुणापुढं मोठ्यानं वाचलं नव्हतं, शाळा सुटल्यापासून. पण त्याची माझ्याकडं पाठ होती आणि तो मातीशी बोलल्यासारखा बोलत होता, त्यामुळं जमलं. सगळी माणसं सारखी, हे वाक्य मी वाचलं. तो थांबला.

"तितं कातकरी हायेत का?"

"ठावं न्हाई. पुढं वाचून सांगते."

"असले तर त्यांस्नी कळवा, आमाला न्यायला या म्हनावं. उंदीर घिऊन येतो संगती, हितं लई हायेत."

आम्ही दोघंही हसलो. सूर्य डोंगराच्या अंगाला कलेपर्यंत तो तिथंच होता. पाच बिळं उकरली, बांध चोपून दिला आणि गुरं वळली तेव्हा भाताचं गाठोडं खांद्यावर टाकून ओढा उतरून गेला. मी घरी आले.

दिवे लागायला गुरव धावत आला. रानाच्या कडेच्या देवळातल्या देवीचे चांदीचे डोळे गेले होते. दुपारचा नैवेद्य दाखवला तेव्हा होते, सांजेला दिवा लावायला गेला तर नव्हते. आमच्याकडं त्याहून मोठी आपत्ती कुणाला सुचली नसती. भात कापणीला आलेलं आणि देवी आंधळी. मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. आत्याबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या.

देवळाखालीच कातकऱ्यांची वाडी होती. सकाळी माणसं तिथं गेली. आमच्या खाचरात आलेल्या त्या कातकऱ्याला आदल्या दिवशी देवळाच्या वाटेनं येताना कुणीतरी पाहिलं होतं. रोजच तो त्या वाटेनं यायचा, दुसरी वाट नव्हतीच. त्यांनी त्याच्या झोपडीतली मडकी उपडी केली, अंथरूण उसवलं, चुलीचे दगड काढून खालची माती चाळली. काही मिळालं नाही. काही मिळालं नाही म्हणजे लांब कुठंतरी पुरलं असणार, असं ठरलं. त्याला आणून मारुतीच्या देवळाशेजारच्या चावडीत बसवला आणि बाहेरून कडी घातली. परवा गाव बसेल आणि निकाल होईल, असं मामंजींनी सांगितलं.

मला एकच गोष्ट माहीत होती. नैवेद्यापासून गुरं वळेपर्यंत तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता.

दुपारी जेवण वाढताना मी ह्यांना सांगितलं. वाढता वाढताच सांगितलं, म्हणजे तोंडाकडं बघावं लागत नाही.

"त्यो आपल्या खाचरात व्हता, उंदरं काढत. मी बघितलाय."

ह्यांनी घास खाली ठेवला. "तितं आनकी कोन व्हतं?"

"कोनी न्हवतं."

"म्हंजी तू आन त्योच? दिवसभर?"

मी आमटीची पळी भरली.

"आबांपुढं हे कसं सांगनार? आन गावापुढं? पाटलाची सून कातकऱ्यासंगं रानात एकटी व्हती, दिवसभर, हे?" ते हळू बोलत होते. रागानं नाही, भेदरल्यासारखे. "हे तोंडातनं बाहेर काढू नगंस. तो सुटंल. काय सापडलंय त्याच्यापाशी? आपसूक सुटंल."

दुसऱ्या दिवशी राखणीला गेले तेव्हा मी पुस्तक असं उघडलं जसं लग्नाच्या घरी पंचांग उघडतात. काहीतरी सापडेलच अशा खात्रीनं. आणि सापडलं. शेवटी शेवटी त्यांनी घटनेत नंतर घातलेल्या दुरुस्त्या होत्या. माणसाच्या घराची झडती घ्यायची तर काय शोधायचं ते आधी लिहून पाहिजे. त्याच्यावर आळ काय आहे, ते त्याला सांगितलं पाहिजे. त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यानं त्याच्या समोर येऊन बोललं पाहिजे. आणि त्याच्या बाजूचे जे साक्षीदार असतील त्यांना बोलावून आणण्याचा त्याला हक्क आहे.

हे शेवटचं मी चार-पाच वेळा वाचलं. त्याच्या बाजूचा साक्षीदार म्हणजे मी.

तेव्हाच आणखी थोडं पुढं वाचलं आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्या देशातही माणसं होती, विकत घेतलेली, कातकऱ्यांहूनही वाईट दशेत. सगळी माणसं सारखी असं लिहिल्यावर त्यांना मोकळं करायला नव्वदच्या आसपास वर्षं लागली. बायकांना मत द्यायला त्याहूनही जास्त. म्हणजे छप्पन जणांनी सह्या केल्या तेव्हा त्यांच्याही घरात कुणीतरी पडद्यामागं बसलेलंच असणार. हे मला त्याला सांगायचं होतं. पण तो आता चावडीत होता.

पुस्तकाचं शेवटचं पान कोरं होतं. ते मी फाडलं. पेन्सिलीचा एक तुकडा मी माहेराहून आणलेल्या डबीत जपून ठेवला होता, तो लग्नानंतर पहिल्यांदा वापरला. लिहिलं ते थोडक्यात असं: देवीचे डोळे गेले त्या दिवशी दुपारच्या नैवेद्यापासून गुरं वळेपर्यंत हा माणूस ओढ्याच्या अंगाला खाचरात उंदीर काढत होता, मी स्वतः पाहिला आहे. ज्याच्यावर आळ आहे त्याच्या बाजूचा साक्षीदार ऐकल्याशिवाय निकाल करता येत नाही, असा कायदा आहे. त्याच्या घराची झडती काय शोधायचं ते न लिहिता घेतली, तेही बरोबर नाही. अक्षर बरं आलं. काने, वेलांट्या सगळं नीट होतं.

मग सहीपाशी आले.

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. परातीत तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो आणि मग तेच तुमचं नाव. त्या नावानं मला सहा वर्षं हाका मारत होते, पण ते मी कधी लिहिलं नव्हतं. आणि सही करायची तर मधे ह्यांचं नाव घालायला पाहिजे. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडातून काढायचं नाही. उखाण्यात घ्यायचं तेवढंच, तेही लग्नाकार्यात, चार बायकांनी अडवल्यावर. मतदारांची यादी करायला माणूस आला होता तेव्हाही मी दाराआड होते आणि माझं सगळं नाव मामंजींनीच सांगितलं होतं.

जिभेला जमत नाही ते हाताला जमेल असं मला वाटलं होतं. नवं नाव लिहिलं. ह्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. आणि हात पुढं जाईना. अंगावर कपडा नसताना कुणी दारात यावं तसं झालं. मी इकडंतिकडं पाहिलं. खाचरात पोपट उतरले होते आणि मी डबा वाजवायचा विसरले होते. बोट ओलं करून ते अक्षर पुसलं, नावही पुसलं. कागदावर काळपट डाग उरला.

शेवटी मी माझं माहेरचं नाव लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. चौथीच्या दाखल्यावर आहे तसं. तेच नाव मला लिहायची सवय होती. ते खोटं नाही, असं मी मनाशी म्हणाले. आणि आमचं घर सोडलं तर या गावात ते कुणाला माहीत नाही, हेही मला माहीत होतं. खरं नाव आणि लपायला जागा, दोन्ही मला एकदमच हवं होतं. त्या छप्पन जणांतल्या कुणाला हे सुचलं नसतं.

घरी येताना वाटेत शाळा लागते. मास्तरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर कागद ठेवला, वर दगड ठेवला.

ठरल्या दिवशी गाव बसलं ते मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर, सकाळच्या वेळी. बायका विहिरीच्या अंगाला, हातात कळशा घेऊन, पाण्याला आल्यासारख्या उभ्या. मी आत्याबाईंच्या मागं. त्याला आणून पायरीखाली बसवला. त्याची बायको लांब चिंचेखाली उभी होती, तिला जवळ येऊ दिलं नव्हतं.

मास्तर उठले आणि म्हणाले, "पाटील, माझ्याकडं एक चिठ्ठी आलीय. साक्ष आहे म्हणून." आणि त्यांनी वाचली. माझी वाक्यं एवढ्या माणसांत मोठ्यानं ऐकताना मी आत्याबाईंच्या आणखी मागं सरकले. पण त्याचबरोबर, खरं लिहायचं तर, मला थोडं बरंही वाटलं. अडखळण्यासारखं मास्तरांना काहीच नव्हतं.

झडतीचं वाक्य आलं तसे लोक कुजबुजायला लागले.

"कुठला हा कायदा, मास्तर?"

मास्तरांनी कागद उलटापालटा करून पाहिला. जाड, गुळगुळीत कागद. "मला वाटतं त्या अमेरिकेच्या पुस्तकातला."

मग हशा झाला. "आता अमेरिकेचा पाटील आनावा लागंल!" "मास्तर, राजाला कळवा राजाला!" "आमच्या देवीचे डोळे त्यो देनार हाय का तितनं?"

"आपल्याही घटनेत असंच आहे म्हणतात," मास्तर म्हणाले. ते मऊ माणूस होते.

"तुमी बघितलीया?"

"नाही. प्रत नाही आपल्याकडं."

मामंजी हसले नव्हते. त्यांनी हात पुढं केला, कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "कायद्याचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "साक्ष हाय म्हंता, तर साक्षीदार कुटाय? ही बाई कोन?" त्यांनी माझं माहेरचं नाव वाचलं. सहा वर्षांत ते नाव त्या गावात पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि ते मामंजींच्या तोंडून. "ह्या नावाची बाई हाय का गावात कोनी?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गावात त्या नावाची बाई नव्हती.

ह्यांना माझं ते नाव माहीत होतं. ते ओट्याच्या कडेला बसले होते. त्यांनी पायातल्या वहाणेचा अंगठा नीट केला, मग दुसऱ्या वहाणेचा. आत्याबाईंनाही माहीत होतं. मला बघायला त्याच आल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांच्या हातातली कळशी हलली, पाण्याविना वाजली.

तेव्हा मला बोलायचं होतं. नुसतं "मी" एवढं म्हणायचं होतं. पुढं यायचीही गरज नव्हती, विहिरीपाशी उभं राहूनच. पुस्तकात होतंच की, साक्षीदारानं समोर येऊन बोलावं. ते मी त्याच्या विरुद्धच्या लोकांना लागू आहे असं वाचलं होतं. मलाही लागू आहे हे माझ्या ध्यानात तिथं उभं राहिल्यावर आलं. सहा वर्षं ज्या माणसासमोर शब्द काढला नाही, तो पहिला शब्द सगळ्या गावात कसा काढायचा, हेच मला सुचेना.

मामंजी त्याच्याकडं वळले. "तुला म्हाईत हाय का रं ही बाई? तुझ्या बाजूनं बोलतीया. सांग, कोन हाय?"

त्यानं मान वर केली. नाव त्याला माहीत असायचं कारण नव्हतं, पण खाचरात कोण होतं ते माहीतच होतं. त्यानं विहिरीकडं पाहिलं. सगळ्या बायकांवरून नजर फिरवत नेली, माझ्यावरूनही, कुठंही थांबवली नाही. मग पायाशी बघत म्हणाला, "न्हाई पाटील. मला ठावं न्हाई."

"मग त्या दिवशी कुटं व्हतास?"

"रानात व्हतो."

"संगती कोन?"

"कोनी न्हाई."

एवढं सगळं दोन-चार वाक्यांत झालं. त्याच्या बाजूचा एकच साक्षीदार होता आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं घालवला, माझ्यासाठी. मी कळशी घट्ट धरून उभी राहिले.

मामंजींनी निकाल दिला. चौकीवर दिला तर वर्षभर सुटायचा नाही, म्हणून तसं करत नाही, पण त्यानं घर मोडून गावच्या हद्दीबाहेर जावं, आजच. हा निकाल दयेचा आहे असं सगळ्यांना वाटलं, मामंजींना तर नक्कीच. त्यांनी कागदाची घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवली. फाडला नाही. पुढं तो कुठं गेला, मला माहीत नाही.

घर मोडायला त्या दोघांना तासभरही लागला नाही. कुडाच्या भिंती, चार वासे. आमच्या मागच्या परसातून वाडी दिसायची. मी शेणी थापत होते आणि बघत होते. बायकोनं मडकी एकात एक घातली. त्यानं दोन चांगले वासे खांद्यावर घेतले, बाकीचे तिथंच टाकले. ते कोकणाच्या वाटेला लागले, घाटाकडं. जाताना वाट आमच्या खाचराच्या बांधावरून होती. खोपीपाशी तो जरा थांबला असं मला वाटलं, पण लांबून नीट दिसलं नाही. बुजवलेल्या बिळांकडं बघत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी बांधली, तर आत्याबाई म्हणाल्या, "तू नगं जाऊस राखनीला. मी जाते." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मामंजींनी ओळखलं होतं की आत्याबाईंनी सांगितलं की दोघांनी काहीच न बोलता ठरवलं, मला आजही ठाऊक नाही. त्यानंतर मला एकटीला शेतात कधीच धाडलं नाही. पुस्तक खोपीतच राहिलं. कापणीनंतर खोप मोडून गवत गुरांना घातलं, त्यात ते गेलं असेल.

देवीला नवे डोळे केले. जुने काही सापडले नाहीत, कुणी पुन्हा शोधलेही नाहीत.

मला त्या वेळी वाटायचं की आपण चुकलो ते सहीपाशी. नंतर वाटायचं की सही पुरती केली असती तरी काय झालं असतं? त्याला सोडलं असतं आणि मला माहेरी पाठवलं असतं. किंवा दोघांचंही वाईट झालं असतं. पुस्तकात याच्यावर काही नव्हतं. साक्षीदाराला बोलावण्याचा हक्क होता, पण बोललेल्या साक्षीदारानं घरी कसं जायचं ते नव्हतं. असं मी स्वतःला समजावायची आणि ते काही दिवस पुरायचं.

सात-आठ वर्षांनी, मामंजी गेल्यानंतर, मी आणि हे पौडच्या एसटी स्टँडवर उभे होतो. पुण्याला नणंदेकडं बारसं होतं. उन्हाळा होता. स्टँडच्या भिंतीच्या सावलीला एक कातकरीण करवंदांची पाटी घेऊन बसली होती, पानाच्या द्रोणात भरून विकत होती. मी द्रोण घेतला तेव्हा तिनं वर पाहिलं. मी तिला ओळखलं नव्हतं. तिनं मला ओळखलं.

"वैनी न्हवं?"

मग मलाही ओळख पटली, गाव बसलं तेव्हा चिंचेखाली उभी होती तीच ही. हे चार पावलांवर दुसऱ्या कुणाशी बोलत होते. मी तिच्यापुढं बसून विचारलं, "कुटं असता आता?"

"खालीच. कोळशाच्या भट्टीवर हायेत ते. खोकला लई झालाय, पन हायेत." तिनं माझ्या द्रोणात आणखी मूठभर करवंदं घातली. "त्यांनी सांगितलंय मला. ती चिट्टी वैनीनं लिवली व्हती म्हनून."

मी द्रोण दोन्ही हातांत धरला. त्यांना सांगायला माझ्याकडं उत्तर होतं, त्या देशात कातकरी होते का याचं. ते त्या वेळी आठवलंच नाही.

तिनं पाटीतली पानं सारखी केली आणि मग विचारलं, भांडायच्या सुरात नाही, आपलं जसं एखादी बाई दुसरीला वाटेबद्दल विचारते तसं, "मंग तवा बोल्ला का न्हाई, वैनी? तुमी तर तितंच व्हतासा."

तिला खरंच कारण हवं होतं. कारण असणारच, मोठ्या घरच्या बाईपाशी काहीतरी कारण असणारच, आणि ते कळलं की भट्टीवर जाऊन नवऱ्याला सांगता येईल, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

गाडी लागली. दारातून ह्यांनी हाक मारली, नेहमीसारखीच, नाव न घेता, "चल गं, बस." मी उठले. तिनं हात जोडले नाहीत की मान हलवली नाही, पुढच्या गिऱ्हाइकाचा द्रोण भरायला घेतला.

खिडकीशी जागा मिळाली. पिरंगुट मागं पडेपर्यंत द्रोण माझ्या हातातच होता. खालची करवंदं दबून रस निथळला आणि लुगड्यावर जांभळा डाग पडला, तो मी पदरानं पुसत होते.

"काय म्हनत व्हती ती?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणाले.